मधली पोकळी

चैत्र-वैशाखातील निरभ्र रात्री गडचिरोलीच्या अरण्यात, दिव्यांच्या उजेडापासून दूर उभे राहिले म्हणजे सिंह राशी जवळजवळ माथ्यावर दिसते. त्याच दिशेला, सुमारे ३.३ कोटी प्रकाशवर्षांवर, ‘मेसिये ९५’ ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. परंतु तिच्या केंद्राची कथा या जिल्ह्यांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे.

तारे कोठे जन्म घेत आहेत, हे ओळखण्याची एक खूण म्हणजे अतिनील प्रकाश होय. तो विपुल प्रमाणात देणारे प्रचंड, अत्युष्ण तारे अल्पायुषी असतात. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे. यांचे काही कोटी वर्षांतच सरते. साहजिकच, जेथे हा प्रकाश प्रखर तेथे पाळणा नुकताच हलला असे बहुधा समजावे. मात्र पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते. म्हणून दुर्बीणच अवकाशात न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर अशी दुर्बीण बसविण्यात आली. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने पुण्याची ‘आयुका’ व अन्य संस्थांच्या सहकार्याने ती सिद्ध केली.

‘मेसिये ९५’चा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, तो उद्बोधक आहे. या दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट दंड आहे. या दंडाने भोवतालचा वायू केंद्राकडे ओढून नेला. परिणामी केंद्रात ताऱ्यांची निर्मिती चालू आहे, बाहेरच्या कड्यातही आहे. मधला पट्टा मात्र ओस पडला आहे. वायूच उरला नाही, तेथे तारे जन्मणार कशातून?

आपल्याकडील विद्येची गतही याहून फारशी निराळी नाही. साधने आणि बुद्धिमान तरुण पुणे, मुंबई, बंगळुरू या केंद्रांकडे ओढले जातात आणि मधले जिल्हे रिते राहतात. तथापि निसर्गाचा नियम माणसाने आपल्यावर लादून घेण्याचे कारण नाही. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठातील विद्यार्थ्यालाही ती अभ्यासता येतील. त्यासाठी हवा एक संगणक आणि वाट दाखविणारा एक शिक्षक. अंधारे आकाश तर या अरण्याने अजून राखून ठेवलेच आहे.