मठातील इंग्रजीचा वर्ग

ल्हासाजवळ १४१६ मध्ये स्थापन झालेला द्रेपुंग हा तिबेटी बौद्ध मठ १९५९ नंतरच्या स्थलांतरात कर्नाटकातील मुंडगोड येथे पुन्हा उभा राहिला. अशा मठांत स्वेच्छेने इंग्रजी शिकवणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती विद्यार्थ्यांच्या अनुत्साहाची नव्हे, तर त्यांच्या असामान्य पाठांतरशक्तीची. लहानपणापासून ग्रंथ मोठ्याने म्हणत मुखोद्गत केलेला भिक्षू इंग्रजी संवादाचे पान सहज पाठ करतो. मात्र त्यातलाच प्रश्न थोडा फिरवून विचारला, की तो अडखळतो.

चुकांनाही ठरावीक वळण असते. तिबेटी वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘मी चहा पितो’ हे इंग्रजीत सांगताना चहा क्रियापदाच्या आधी येऊन बसतो. आणि ‘एफ’ हा दंतोष्ठ्य, म्हणजे वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढला जाणारा, ध्वनी तिबेटीत नसल्याने कॉफीची ‘कोपी’ होते. वाक्यरचनेतील चुकीचे मूळ मराठीभाषक शिक्षकाला इंग्रजी मातृभाषा असलेल्या स्वयंसेवकापेक्षा लवकर उमगावे, पण हा विचार क्वचितच होतो.

पाठांतराच्या या सवयीवरचे साधन मठातच असते, ते म्हणजे वादविवाद. त्यात उत्तर देणारा जमिनीवर बसतो, प्रश्नकर्ता उभा राहून प्रश्नाच्या शेवटी डावा पाय आपटत टाळी वाजवतो, आणि बसलेल्याला ‘मान्य आहे’, ‘का?’, ‘हेतू असिद्ध आहे’ किंवा ‘व्याप्ती नाही’ (हेतू म्हणजे दिलेले कारण, साध्य म्हणजे सिद्ध करायचे ते, आणि व्याप्ती म्हणजे जेथे हेतू तेथे साध्य असणे) अशा मोजक्या शब्दांत उत्तर द्यावे लागते. नवशिक्यांच्या वादाचा पहिला विषय रंग हाच असतो. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातही रंगच असतात, पण निव्वळ यादी म्हणून. तीच यादी बाजूला ठेवून ‘जो जो रंग आहे तो तो लाल आहे का’ असे इंग्रजीत विचारले, तर विद्यार्थ्याला वाक्य स्वतः घडवल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये दलाई लामांच्या प्रेरणेने सुरू केलेल्या उपक्रमातून या मठांत आधुनिक विज्ञान शिकवले जाऊ लागले, आणि इंग्रजीला संभाषणापलीकडचे प्रयोजन मिळाले. त्यासाठी सलग अध्यापन हवे. परंतु परदेशी व्यक्तीला मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत राहण्यास केंद्रीय गृह मंत्रालयाचा संरक्षित क्षेत्र परवाना लागतो, आणि अल्पकाळासाठी आलेला प्रत्येक नवा शिक्षक, आधीच्याची नोंदवही हाती नसल्यास, स्वतःचे नाव सांगण्याच्या धड्यापासूनच सुरुवात करतो. भारतीय शिक्षकाला हा परवाना लागत नाही.