चेन्नईतील मोटारीच्या रंगाची निगा

चेन्नईत मोटारीच्या रंगाला समुद्रावरची खारी हवा, कडक ऊन आणि अनेक वस्त्यांतील बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो, आणि तो साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपासच जाड असतो. पॉलिश म्हणजे सूक्ष्म घर्षक कणांनी हाच थर किंचित झिजवून ओरखडे सपाट करणे होय. म्हणून ते वारंवार करणे अपायकारकच ठरते. याउलट मेण, उदाहरणार्थ ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांपासून मिळणारे, काहीही न झिजवता पाणी व मीठ थोपवते, मात्र उन्हाने ते लवकर विरत असल्याने काही आठवड्यांनी पुन्हा लावावे लागते.

मोटार सकाळी सावलीत धुवावी, कारण तापलेल्या पत्र्यावर थेंब सुकून क्षारांचे पांढरे डाग उमटतात. २०१९ची तीव्र पाणीटंचाई अनुभवलेल्या या शहरात नळीऐवजी दोन बादल्या, एक कारशाम्पूची व दुसरी फडके खळबळण्याची, वापरणे अधिक योग्य; भांड्यांचा साबण मेण काढून टाकतो, म्हणून तो टाळावा आणि शेवटी मायक्रोफायबरच्या फडक्याने पाणी लगेच टिपून घ्यावे.