शिकणाऱ्या डॉक्टरांचे रुग्णालय

माझा दवाखाना सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. अलीकडे माझे बरेचसे वृद्ध रुग्ण वर्षातील चार-सहा महिने बेंगळुरूला मुलांकडे असतात आणि तेथून त्यांच्या प्रकृतीची खबर दूरध्वनीवरून येते. असाच एक दूरध्वनी दोन पावसाळ्यांपूर्वी आला. आमच्या गल्लीत सर्वजण ज्यांना काकू म्हणतात अशा 78 वर्षांच्या एका बाई न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, परंतु नाडी मिनिटाला जेमतेम 42 होती, म्हणून त्यांना सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केले होते. मुलगा मात्र वेगळ्याच काळजीत होता. "डॉक्टर, सकाळपासून चार जण येऊन तेच ते विचारून गेले. त्यांतली दोन तर कॉलेजची मुलं आहेत. आईवर शिकणं चाललंय की उपचार?"

हा प्रश्न मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. शिक्षण देणारे रुग्णालय म्हटले की आपल्या मनात दोन समजुती एकदम उभ्या राहतात. तेथे मोठमोठे तज्ज्ञ असतात ही एक, आणि आपल्याला हात लावणारा मात्र शिकाऊ असतो ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत यातील दुसऱ्या गोष्टीचा किती उपयोग होऊ शकतो, हे मला काकूंमुळे नव्याने कळले.

सेंट जॉन्सच्या मागे एक दीर्घ इच्छा आहे. मेरी ग्लावरी नावाची ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1920 मध्ये आंध्रातील गुंटूरला आली आणि संन्यासिनी झाली. 1910 साली मेलबर्नहून वैद्यकीय पदवी घेतलेली ही स्त्री नेत्ररोगांची जाणकार होती. त्या काळी कॅथलिक धर्मसंघांतील व्यक्तींना वैद्यकीय व्यवसाय करण्यावर बंधने होती, त्यामुळे तिला थेट पोपची विशेष परवानगी घ्यावी लागली. गुंटूरमध्ये स्त्रिया आणि मुले यांच्यावर उपचार करता करता तिला उमगले की एकट्या डॉक्टरने हे पुरे पडणार नाही, येथील माणसेच डॉक्टर म्हणून तयार व्हायला हवीत. 1943 मध्ये तिने कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली आणि या देशात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय निघावे हा ध्यास धरला. 1957 मध्ये बेंगळुरूलाच तिचे निधन झाले. महाविद्यालय निघाले ते 1963 मध्ये, भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेमार्फत. ते पाहणे काही तिच्या नशिबी नव्हते.

रुग्णालय 1975 चे. कोरमंगल भागात, सर्जापूर रस्त्यालगत त्याचा विस्तीर्ण परिसर आहे आणि आज तेथे 1300हून अधिक खाटा आहेत. उपचार सर्व धर्मांच्या रुग्णांवर होतात. येथील विद्यार्थ्यांना पदवीनंतर काही काळ ग्रामीण वा उपेक्षित भागातील रुग्णालयांत सेवा करण्याचे बंधन घालण्याची परंपरा आहे. दूध संघांच्या आपल्या मुलखातील वाचकांना त्यांचा एक जुना उपक्रम विशेष जवळचा वाटेल. 1973 च्या सुमारास कोलार भागातील मल्लूर या गावी येथील सामाजिक वैद्यक विभागाने गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेशी हातमिळवणी केली. घातलेल्या दुधाच्या प्रत्येक लिटरमागे काही पैसे बाजूला काढायचे आणि त्यांतून गावचे आरोग्यकेंद्र चालवायचे, अशी ती योजना होती.

आता काकूंकडे वळतो. अशा रुग्णालयात एका युनिटचे प्रमुख प्राध्यापक असतात, त्यांच्या हाताखाली अन्य अध्यापक, मग पदव्युत्तर शिक्षण घेणारे रेसिडेंट, त्याखाली इंटर्न, आणि सर्वांत शेवटी एमबीबीएसचे विद्यार्थी. विद्यार्थ्याने स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहायचे नसते. त्याचे काम विचारण्याचे, तपासण्याचे आणि ते वरिष्ठांपुढे मांडण्याचे. साहजिकच तोच प्रश्न चार वेळा येतो आणि घरच्यांना वाटते, यांचा यांना मेळ नाही. मात्र या सर्वांत खाटेशेजारी तासभर बसायला सवड असते ती फक्त विद्यार्थ्यालाच.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दूरध्वनी आला. अखेरच्या वर्षातील एक मुलगी काकूंच्या नातीला दुभाषी करून बसली होती. काकूंना कानडी येत नाही, त्या मुलीला मराठी येत नव्हते. तिने गोळ्या विचारल्या, मग काढे-चूर्णे विचारली, आणि नंतर विचारले, "डोळ्यांत, कानांत, नाकात काही घालता का?" काकू म्हणाल्या, घालते की, काचबिंदूचे थेंब, दोन वर्षे झाली. ते थेंब टिमोलॉलचे होते.

रक्तदाबासाठी काकूंना अ‍ॅटेनोलॉलची गोळी चालू होती. ती मी दिलेली. ही गोळी आणि ते थेंब एकाच जातीचे. दोन्ही हृदयाची गती मंद करतात. डोळ्यांत घातलेले औषध डोळ्यांतच राहते हा भ्रम आहे. ते अश्रुनलिकेतून नाकात उतरते, तेथील नाजूक त्वचेतून थेट रक्तात मिसळते, आणि यकृतात त्याची जी छाननी व्हायची तीही टळते. दम्याच्या रुग्णात याच थेंबांनी श्वास कोंडू शकतो. हे सारे मला ठाऊक होते. मी विचारले नव्हते, एवढेच. "काकू, औषधं कोणती चालू?" असे दर वेळी विचारत असे आणि त्या गोळ्यांची पाकिटे पुढे करीत. थेंबांची बाटली फ्रीजच्या दारात असे. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हते. त्याहून बोचते ते असे की आदल्या दोन भेटींत माझ्याच यंत्रावर नाडी 52 दिसली होती आणि दाब उत्तम आहे म्हणून मी त्यांची पाठ थोपटली होती.

तेथील डॉक्टरांनी दोन्ही औषधे स्वतःच्या देखरेखीखाली बदलली. वाचकांनी घरी असे काहीही करू नये. काचबिंदूचे थेंब बंद केल्यास दृष्टी जाऊ शकते, आणि अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवणे हृदयाला धोक्याचे असते. एक गोष्ट मात्र आजच करता येईल. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. त्यामुळे औषध नाकात कमी उतरते.

अशा रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरून न्यावीत: थेंब, मलम, पंप, चूर्ण, झोपेची गोळी, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र हटकून न्यावे. वृद्ध माणूस रुग्णालयात रात्री भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, पुष्कळदा त्याला कारण आजार असतो, पण ऐकू न येणे, न दिसणे आणि अनोळखी चेहरे यांमुळे ते वाढते. घरचे एक माणूस, शक्यतो तेच, जवळ राहावे. असा भ्रम दिसताच परिचारिकेला सांगावे, वयामुळे होते म्हणून सोडून देऊ नये.

विद्यार्थ्यांनी तपासलेले नको असेल तर तसे सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि त्यावरून उपचारांत उणीव येता कामा नये. मोठा घोळका भोवती उभा असताना अंगावरचे पांघरूण नीट राहील एवढे नातेवाइकांनी पाहावे. खर्चाची अडचण असेल तर बिलाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतून ही व्यवस्था बहुधा असते, आणि आपली माणसे संकोचाने तिच्याकडे फिरकत नाहीत. गर्दी मात्र सोसावी लागते. ओपीडीत अर्धा दिवस जातो, पुढच्या खेपेस वेगळाच रेसिडेंट भेटतो. साध्या सर्दी-तापासाठी तेथे जाऊ नये असे माझे मत आहे. आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत गावच्या डॉक्टरकडे पोहोचवावी. काकूंच्या मुलाने मला ती त्याच दिवशी पाठवली. निदानाच्या रकान्यात माझ्या गोळीचे नाव होते.

दिवाळीला काकू परत आल्या. दवाखान्यात येताना त्यांनी कापडी पिशवी आणली होती. टेबलावर ती पालथी केली, तेव्हा त्यातून नवे थेंब, गुडघ्याचे मलम, हिंग्वाष्टक चूर्ण आणि सुनेची एक पित्ताची गोळी निघाली. पाहायला मला वीस मिनिटे लागली. बाहेर बाकावर अकरा माणसे खोळंबली होती. मग मी त्यांची नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली. ती 68 भरली.