संगणकाचे उत्तर आणि त्याची सिद्धता

गणितात उत्तर मिळणे आणि ते सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संगणकाच्या उत्तरांवर सर्वांची भिस्त वाढत असताना हा भेद आमच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानी घ्यावा, असे आम्हांस वाटते.

मेपलसारख्या बीजगणिती प्रणाली अवघड राशी क्षणार्धात सोप्या करतात. परंतु सोपे करताना एखादी अट गळून पडू शकते. (क्ष² − १) ÷ (क्ष − १) याचे सरळ रूप क्ष + १ असे मिळते. क्ष = १ असता मात्र भाजक शून्य होतो व मूळ राशीस अर्थ उरत नाही. उत्तरात ही अट दिसत नाही.

याउलट, ‘कॉक’सारखी सिद्धता तपासणारी प्रणाली मोजक्या तर्कनियमांवर उभी असते आणि त्या नियमांत न बसणारी एकही पायरी स्वीकारीत नाही. जॉन हॅरिसन व लोराँ तेरी यांनी १९९०च्या दशकात या दोन प्रकारांची सांगड घातली: शोधावे मेपलने, पडताळावे सिद्धता-प्रणालीने. ८०५१ चे अवयव शोधणे कष्टाचे. ८३ × ९७ हा गुणाकार करून पाहणे सोपे.

या पद्धतीचा कस एका प्रसिद्ध प्रमेयात लागला. १ + १/८ + १/२७ + … ही घनांच्या व्यस्तांची बेरीज अपरिमेय आहे, हे रॉजे आपेरी यांनी १९७८ मध्ये दाखविले. दोन संख्याक्रम एकच आवर्ती संबंध पाळतात, हा त्या सिद्धतेचा कणा. २०१४ मध्ये आसिया महबूबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे संबंध मेपलकडून मिळविले आणि कॉकमध्ये तपासले. तेव्हा भाजक शून्य होणारी स्थाने वगळण्याच्या अटी त्यांना स्वतः जोडाव्या लागल्या. १ पासून न पर्यंतच्या संख्यांच्या लसाविच्या वाढीविषयीचे एक विधान त्यांनी गृहीत धरले होते. ते त्यांनी उघड नोंदविले आणि पुढे तेही सिद्ध झाले.

अशा पडताळणीने संपूर्ण मेपल निर्दोष ठरत नाही. तपासलेले उत्तर तेवढे निर्दोष ठरते. म्हणूनच ‘भाजक शून्य नाही’ ही ओळ वहीत लिहिण्याचा आमचा आग्रह आहे. ती ओळ सुटली, तर तिच्यावर उभारलेली पुढची प्रत्येक पायरी निराधार राहते. मग ती विद्यार्थ्याने लिहिलेली असो वा यंत्राने.