समुद्रावरची चूल : वायूची की विजेची?

घरात चूल कोणती असावी, हा प्रश्न निघाला की त्याचा निकाल बहुधा पैशावर लागतो. सिलिंडर परवडतो की विजेचे बिल, एवढाच हिशेब गृहिणी आणि गृहस्थ मांडतात, आणि तो योग्यही असतो. परंतु हेच घर बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेत असेल आणि ती नौका कॅनरी बेटांहून निघून वेस्ट इंडीजच्या दिशेने सुमारे २,७०० सागरी मैलांच्या वाटेला लागली असेल, तर पैशाचा मुद्दा मागे पडतो. जवळजवळ तीन आठवडे किनारा दिसावयाचा नाही. चूल बंद पडली तर शेजारी नाही आणि चुलीने पेट घेतला तर अग्निशामक दल नाही. अशा सफरी करणाऱ्या मंडळींत प्रोपेन वायू आणि वीज यांचे दोन पक्ष पडले आहेत आणि दोन्हीकडचे लोक हिरिरीने भांडत आहेत.

मराठी वाचकाला हा वाद अगदीच परका वाटू नये. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादई’ या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तेव्हापासून आपल्याकडेही शिडाच्या नौकेचे आकर्षण वाढले आहे. त्या पराक्रमाच्या वार्ता आपण कौतुकाने वाचतो. मात्र वादळ आणि लाटा यांच्या वर्णनात, त्या माणसाने भात कशावर शिजवला असेल, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही.

एकेकाळी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढे जगभर स्वयंपाकघरांत गेला, तसा नौकांवरही गेला. पिन मारणे, पंप मारणे, बर्नर पुरता तापण्याआधी होणारा तो पिवळा भडका, हे सारे आपल्या मागच्या पिढीने सोसलेले आहे. डोलणाऱ्या नौकेत तर तो भडका थेट छताला पोचे. त्यामानाने नळी फिरवताच निळ्या ज्योतीने जळणारा वायू हा मोठाच दिलासा ठरला आणि नौकांवर त्याचे राज्य सुरू झाले.

पण या वायूचा स्वभाव नौकेला प्रतिकूल आहे. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. घरात गळती झाली तर दारे-खिडक्या उघडता येतात आणि वायू उंबऱ्यावरून बाहेर वाहून जाऊ शकतो. नौका ही मात्र मुळातच पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेली बंद वाटी. गळलेला वायू त्या वाटीच्या तळाशी, पाटाखालच्या पोकळीत, जाऊन बसतो. पाणी उपसणारा पंपही बहुधा तेथेच असतो, आणि त्या पंपाची किंवा त्याच्या स्विचची एक ठिणगी पुरेशी होते. हवेत प्रोपेनचे प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडे वर गेले की मिश्रण स्फोटक होते. म्हणजे एक किलो वायू गळला तर जवळजवळ दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतली हवा दारूगोळ्यासारखी होऊ शकते. वायूला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो हे खरे. परंतु तो वासही वायूबरोबर तळाशीच राहतो, आणि झोपलेल्या माणसाच्या नाकावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणूनच वायूची चूल नौकेवर बसवण्याचे नियम कडक आहेत. सिलिंडरसाठी वरून उघडणारी वेगळी, हवाबंद पेटी हवी. तिच्या तळाला भोक असून ते नौकेबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर उघडले पाहिजे. स्वयंपाक करणाऱ्याला बसल्या जागेवरून सिलिंडर बंद करता येईल असा विजेचा व्हॉल्व्ह हवा. आणि ज्योत विझताच वायू आपोआप थांबेल अशी सोय प्रत्येक बर्नरला हवी. हे सारे पाळले तर वायू भरवशाचा आहे. पण जुन्या नौका विकत घेणारे लोक आधी शिडे पाहतात, इंजिन पाहतात. वायूची नळी किती वर्षांची आहे हे पाहणारा विरळा. आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते. ती कोठे जाणार? थंड प्रदेशात ती केबिनच्या भिंतींवर दव होऊन बसते आणि अंथरुणे दमट होतात. खिडक्या बंद असतील तर कार्बन मोनॉक्साइडचे भय वेगळेच.

तर मग वीज का नको? वीज अवश्य हवी, पण तिचा हिशेब निराळ्या वहीत मांडावा लागतो. नोकरदार वाचकाला तो लगेच उमगेल: सिलिंडर ही शिल्लक आहे, वीज ही रोजची कमाई आहे. एक किलो प्रोपेनमध्ये जवळजवळ १३ युनिट उष्णता असते. शेगडीवर त्यातली निम्म्याहून अधिक पातेल्याच्या कडेने निघून जाते असे धरले, तरी पाच किलोंचा सिलिंडर दोन माणसांना महिनाभर पुरतो. तेवढेच काम साठवलेल्या विजेकडून एकदम करून घ्यायचे, तर आजच्या लिथियम बॅटऱ्या सुमारे ३०० किलो वजनाच्या लागतील. असे कोणी करणार नाही. परंतु बॅटरी सूर्य रोज भरतो आणि सिलिंडर सूर्य भरत नाही. दोघांच्या स्वयंपाकाला इंडक्शन शेगडीवर दिवसाला एक ते दीड युनिट लागते. उष्ण कटिबंधात ८०० वॅटचे सौर पट्टे चांगल्या दिवशी तीन युनिटांहून अधिक देतात, मात्र शिडाची सावली पडली की त्यात घट होते. फ्रिज, दिवे आणि सुकाणू सांभाळणारे यंत्र यांचा खर्च वजा जाता कमाई-खर्चाचा मेळ बसतो, पण जेमतेम.

शिवाय विजेला धोका नाही, हा निव्वळ भ्रम आहे. दोन किलोवॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची म्हणजे पावणेदोनशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढायचा. त्याला अंगठ्याएवढ्या जाड तारा लागतात आणि एखादा सांधा सैल राहिला तर तोच तापून पेटतो. भांड्यांचा प्रश्नही क्षुल्लक नाही. आपली जर्मनची पातेली इंडक्शनवर निरुपयोगी. चुंबक चिकटेल असाच तळ हवा, आणि गोल बुडाची कढईही चालत नाही. फुलका फुगवायला ज्योत लागते, ती नाहीच. शेगडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, म्हणून भांडे धरून ठेवणारे आडवे दांडे आणि नौकेबरोबर झुलणारी चौकट यांखेरीज समुद्रात ती वापरू नये. प्रेशर कुकर मात्र दोन्ही पक्षांचा मित्र. इंधन वाचवतो, आणि झाकण बंद असल्याने नौका कलली तरी आमटी मांडीवर सांडत नाही. उकळत्या पाण्याने भाजणे ही नौकेवरच्या स्वयंपाकातली नेहमीची दुखापत आहे.

आमच्या मते निवड इंधनाची नसून सफरीची आहे. कॅरिबियन समुद्रात किंवा दक्षिण पॅसिफिकच्या बेटांत जो वर्षानुवर्षे फिरणार, त्याने वीज घ्यावी. तेथे ऊन मुबलक आहे. उलट सिलिंडर भरून घेणे ही डोकेदुखी, कारण देशागणिक व्हॉल्व्हचे आटे बदलतात आणि परक्या देशाचा सिलिंडर भरून द्यायला दुकानदार राजी होईलच असे नाही. जो स्कॉटलंड किंवा नॉर्वेच्या किनाऱ्याने हिवाळ्यात जाणार, त्याने वायूच ठेवावा. मात्र बुटेन नव्हे, प्रोपेन. कारण बुटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूपात थिजून बसतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपात येत राहतो. त्या अक्षांशांवर डिसेंबरातला सूर्य शेगडी चालवू शकत नाही. मग डिझेलचे इंजिन लावून बॅटरी भरायची आणि त्यावर चहा करायचा, हा द्राविडी प्राणायाम काही जण पर्यावरणाच्या नावाने करतात. डिझेलमधली बहुतेक उष्णता त्या वाटेत वायाच जाते.

सर्वांत चिंताजनक स्थिती आहे ती अर्धवट निवड करणाऱ्यांची. वायूची पेटी, नळ्या, व्हॉल्व्ह सारे काढून टाकून इंडक्शन बसवले जाते. मग शंका येते : वीज पडून साऱ्या यंत्रणा जळाल्या तर? ही शंका रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून सहलीला नेतात तसली एक छोटी वायूची शेगडी आणि तिच्या पाचसहा कुप्या आणून केबिनमधल्या फळीखाली, डाळीतांदळाच्या डब्यांशेजारी ठेवल्या जातात. ज्या वायूला बाहेर काढण्यासाठी एवढा खर्च केला, तोच पेटीविना, बाहेर उघडणाऱ्या भोकाविना, पुन्हा तळाच्या पोकळीवर येऊन बसला. कुपीला खाऱ्या हवेने गंज चढतो आणि तिचा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या व्हॉल्व्हइतका मजबूत नसतो. जुनी पेटी अजून काढली नसेल तर ती तशीच राहू द्यावी आणि या कुप्या तिच्यात ठेवाव्यात; काढली असेल तर डेकवर, तळाला भोके असलेल्या डब्यात.