गुणसूत्रांच्या टोंकांचा साक्षीदार

पदराच्या दशांना गांठी मारल्या नाहींत तर सूत उसवत जातें, हें घरांतील वडील बायांस सांगावयास नको. माणसाच्या पेशींतील ४६ गुणसूत्रांस अशींच ९२ टोंकें आहेत. १९३८ सालीं हर्मन मुलर यांनीं त्यांस टेलोमिअर हें नांव दिलें. मोडलेल्या गुणसूत्रांचीं टोंकें एकमेकांस चिकटतात, हें बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीनें त्याच सुमारास मक्याच्या पेशींत पाहिलें होतें. मग धड टोंकें कां चिकटत नाहींत?

त्यांवर पहारा असतो म्हणून. या पहारेकऱ्यांपैकीं टीआरएफ-२ नांवाच्या प्रथिनाचा शोध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. काष्टा मागें वळवून खोंचावा, तसें गुणसूत्राचें टोंक वळवून आंत खोंचून ठेवण्यास तें साह्य करतें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील टिटिया द लांगे यांच्या प्रयोगशाळेनें २००५ सालीं उंदराच्या पेशींतून या प्रथिनाचें जनुक काढून टाकल्याचें वृत्त दिलें. तेव्हां गुणसूत्रें आगगाडीच्या डब्यांसारखीं एकापुढें एक जोडलीं गेलीं!

असलें सूक्ष्म प्रथिन डोळ्यांस दिसावें कसें? सशास किंवा उंदरास तें टोंचलें म्हणजे त्याच्या शरीरांत त्या प्रथिनास नेमकें धरणारीं प्रतिपिंडें तयार होतात. तीं वेगळीं काढून पेशींवर घालावीं, त्यांवर चकाकणारा रंग जोडलेलें दुसरें प्रतिपिंड चढवावें, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं पेशीकेंद्रांत ठिपके चमकूं लागतात.

परंतु हे ठिपके टीआरएफ-२ चेच कशावरून? आमच्या वाचकांत वकील मंडळी पुष्कळ आहेत. साक्षीदार बोलका असला म्हणजे खरा असतोच असें नाहीं, हें तीं जाणतात. प्रतिपिंडहि भलत्याच प्रथिनास धरून बसतें. म्हणून त्याची उलटतपासणी करावी लागते. टोंकांवरील टीटीएजीजीजी या पुनरावृत्त अक्षरांस चिकटणारा निराळ्या रंगाचा धागा सोडून दोन्ही रंग एकाच जागीं पडतात कीं नाहीं तें पाहतात. खरी कसोटी मात्र जनुक काढलेल्या पेशीची: तेथें ठिपके मावळलेच पाहिजेत. येथें मोठी अडचण अशी कीं, या प्रथिनावांचून पेशींची वाढच खुंटते. यास्तव जनुक ठेवून पेशी वाढवावयाच्या, ऐन वेळीं तें कापावयाचें, आणि उरलेलें प्रथिन ओसरतांच घाईनें पाहून घ्यावयाचें, असा खटाटोप करावा लागतो.

एवढी यातायात कोण करतो, असें कोणी म्हणेल. २०२३ सालीं एका पाहणीचें फल प्रसिद्ध झालें. तींत मज्जासंस्थेशीं संबंधित ६५ प्रथिनांकरितां बाजारांत मिळणारीं ६१४ प्रतिपिंडें जनुक काढलेल्या पेशींवर तपासलीं, तों निम्म्याहून अधिक प्रतिपिंडें एका तरी परीक्षेंत नापास झालीं. त्यांच्याच आधारावर लिहिलेले निबंध आधींच छापून गेले होते. नापास ठरलेल्यांपैकीं सुमारें एक पंचमांश कुप्या विक्रेत्यांनीं आपण होऊन विक्रींतून काढून घेतल्या, हें त्यांस भूषणावहच म्हटलें पाहिजे.