बेशुद्ध माणसाची जबाबदारी

'डिसऑनर्ड' हा गेम २०१२ साली आला. फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या अर्केन स्टुडिओजने तो बनवला. राफाएल कोलान्तोनिओ आणि हार्वी स्मिथ हे त्याचे दिग्दर्शक. डनवॉल नावाचे काल्पनिक बंदर, उंदरांमुळे पसरलेली प्लेगची साथ, सम्राज्ञीचा खून आणि त्या खुनाचा खोटा आळ आलेला तिचा अंगरक्षक कॉर्व्हो, एवढी कथेची मांडणी. कॉर्व्होजवळ तलवार, पिस्तूल, स्फोटके सगळे आहे, पण शेवटपर्यंत एकाही माणसाचा जीव न घेता हा गेम पुरा करता येतो आणि तसे करणाऱ्याला 'क्लीन हँड्स' ही अचीव्हमेंट मिळते. ती मिळवू पाहणाऱ्या अनेकांना एक धक्का बसतो. संपूर्ण मिशनमध्ये तलवार म्यानाबाहेर काढलेली नसते, आणि शेवटच्या हिशोबाच्या पडद्यावर मृतांच्या रकान्यात एक आकडा उभा असतो. हा माणूस कधी मेला, कुठे मेला, याचा पत्ताच नसतो. या अपघाती मृत्यूंकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. ते बहुतेक वेळा वार करताना होत नाहीत, नंतर होतात. म्हणून माझे म्हणणे असे की, न मारता खेळण्यात हात आवरणे हा सोपा भाग आहे. खरे काम सुरू होते ते समोरचा बेशुद्ध पडल्यावर, कारण त्या क्षणापासून त्याच्या जिवाची राखण खेळणाऱ्याकडे येते.

पहारेकऱ्याला न मारता बाजूला करण्याचे मुख्य मार्ग दोन: मागून जाऊन गळा आवळणे किंवा झोपेचा बाण मारणे. या गेममध्ये बेशुद्ध पडलेला माणूस आपोआप उठत नाही; मिशन संपेपर्यंत तो जिथे ठेवला तिथेच पडून राहतो. खेळणाऱ्याला ही सोय वाटते, पण धोका नेमका तिथेच आहे. डनवॉलमधले उंदीर झुंडीने फिरतात आणि पडलेला देह दिसला की त्याच्यावर तुटून पडतात. तो देह प्रेत आहे की झोपलेला माणूस, हा फरक ते करत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यात, अंधारात, कुणाला दिसणार नाही अशा जागी माणूस लपवला, तर पहारेकऱ्यांपासून तो लपतो, पण उंदीर फिरतात त्याच जागी. पाण्यात ठेवलेला बेशुद्ध माणूस बुडून मरतो. उंचावरून खाली टाकलेला आपटून मरतो. गच्चीच्या कडेला उभ्या असलेल्याला झोपेचा बाण मारला, तर झोप त्याला गच्चीवर लागते आणि देह खालच्या रस्त्यावर पडतो. म्हणून जाणते खेळाडू माणसाला खांद्यावर घेऊन झाकणाच्या मोठ्या कचरापेटीत ठेवतात, किंवा उंदीर पोचणार नाहीत अशा उंच, सपाट जागी. देह उतरवून ठेवण्याची आणि भिरकावण्याची कृती वेगवेगळी आहे, आणि घाईत ती चुकली की मघापासून जपलेला माणूस हातचा जातो.

हे लक्षात आले की खेळण्याची रीतच बदलते. पहिल्यांदा नकाशातल्या वाटा पाहायच्या त्या पळून जाण्यासाठी नव्हे, तर वाहून नेण्यासाठी: इथे याला पाडले तर सुरक्षित जागा किती लांब, मध्ये पाणी आहे का, उंदरांची बिळे कुठे. गाफील माणसावर झोपेचा बाण तत्काळ चालतो, पण सावध होऊन लढायला आलेल्यावर तो चढायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो माणूस धावत कुठल्या कडेला जाऊन कोसळेल हे आपल्या हाती राहत नाही. प्रकाशाची भिंत हा आणखी एक सापळा. ही विजेची चौकट अनोळखी माणसाला जाळून टाकते. तिच्या तारा उलट्या जोडल्या की ती पहारेकऱ्यांनाच जाळू लागते. तारा जोडून खेळाडू निघून गेला आणि मागून गस्तीवरचा शिपाई सवयीने त्यातून चालत गेला, तर तो मृत्यू खेळाडूच्याच नावावर पडतो, आणि तसाच पडायला हवा. शिवाय हत्या वाढल्या की गेम शहराची अवस्था बिघडवत नेतो: उंदीर वाढतात, साथीने पछाडलेले लोक वाढतात. म्हणजे सुरुवातीला केलेल्या हलगर्जीपणाची किंमत पुढच्या मिशनमधल्या बेशुद्ध माणसांनाही मोजावी लागू शकते.

यावर पहिला आक्षेप येतो तो न्यायाचा. मी त्याला झोपवले, उंदरांनी मारले. मग खून माझा कसा? उत्तर शोधायला उलट नियम मनात धरून पाहावा. उंदरांनी किंवा पाण्याने मेलेला माणूस मोजायचा नाही असे ठरवले, तर कोणीही पहारेकऱ्याचा गळा आवळून त्याला झुंडीपुढे टाकील आणि हात स्वच्छ म्हणून मिरवील. न मारण्याचा नियम तिथेच पोकळ होईल. ज्याला आपण असहाय केले त्याचे पुढे काय होते ते आपल्या खाती लागते, एवढेच हा गेम म्हणतो आणि ते सुसंगत आहे. आक्षेपाचा एक भाग मात्र खरा आहे. कधी कधी नीट ठेवलेला देहही गेमच्या भौतिक गणितामुळे थरथरतो, घसरतो, जिन्यावरून गडगडत जातो. असा मृत्यू खेळाडूच्या माथी मारणे योग्य नाही. त्याहून मोठा दोष हा की आकडा मिशन संपल्यावरच दिसतो. ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे तो मेला हे तिथल्या तिथे कळायला हवे होते. तासाभराने कळलेल्या आकड्यातून कोणतीच काळजी शिकता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: कुणाला हातच लावू नये, सावलीसारखे जावे आणि यावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. कौशल्य म्हणून ही पद्धत श्रेष्ठ आहे, हे मान्य. पण ती प्रत्येक वेळी पुरेशी नसते. उदाहरणार्थ, कॉर्व्होच्या लक्ष्यांपैकी एक असलेला हाय ओव्हरसीअर कॅम्पबेल हा कॅप्टन कर्नो नावाच्या अधिकाऱ्याला विषाचा पेला पाजायला निघालेला असतो. काहीच केले नाही तर कर्नो मरतो. पेल्यांची अदलाबदल केली तर कॅम्पबेल मरतो. पेले फोडून टाकले तर कॅम्पबेल दुसऱ्या मार्गाने त्याचा जीव घेऊ पाहतो आणि खेळाडूला पुन्हा मध्ये पडावे लागते. इथे दोघांनाही जिवंत ठेवायचे तर सावली होऊन चालत नाही. आणि चूक झाली की जुना सेव्ह उघडायचा, मग कसली जबाबदारी, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की सेव्ह पुन्हा उघडायलाही कुणीतरी मेल्याचे आधी लक्षात यावे लागते. मागे वळून कचरापेटीचे झाकण उघडून पाहणारा खेळाडूच तो सेव्ह वेळेवर उघडतो.

मरणाच्या मोजदादीत कोणाला धरायचे, यातही गेमने एक ठाम बाजू घेतली आहे, आणि मला ती या सगळ्यातली सर्वांत मोलाची वाटते. डोळ्यांतून रक्त गळणारे, ओकत भेलकांडत अंगावर येणारे प्लेगचे रोगी, ज्यांना तिथे 'वीपर' म्हणतात, ते मारले तरी माणूस मारल्याचीच नोंद होते. दुसऱ्या बहुतेक गेममध्ये असे रोगी म्हणजे फक्त भुते, बिनदिक्कत कापायची. इथे तसे नाही, कारण हत्या टाळणाऱ्यांच्या शेवटात साथीवर औषध सापडते. गळा आवळून बाजूला ठेवलेला वीपर हा उपचाराची वाट पाहणारा आजारी माणूस ठरतो. 'मेटल गिअर सॉलिड ३' या २००४च्या गेममध्ये मारलेल्यांची भुते नदीतून खेळाडूच्या दिशेने चालत येतात. तो प्रसंग परिणामकारक आहे, पण ती मेलेल्यांची आठवण आहे. 'डिसऑनर्ड' जिवंतांबद्दल बोलतो.

पण हाच निकष लावला तर गेमची स्वतःची एक बाजू उघडी पडते. एका मिशनचे लक्ष्य असलेल्या लेडी बॉइलला न मारण्याचा मार्ग असा की तिला बेशुद्ध करून, खांद्यावर वाहून, ब्रिझ्बी नावाच्या तिच्यावर लुब्ध झालेल्या माणसाच्या ताब्यात द्यायचे. तो तिला बोटीतून कायमची घेऊन जातो. तसेच दुसऱ्या मिशनची लक्ष्ये असलेल्या पेंडल्टन भावांच्या जिभा कापून त्यांना त्यांच्याच खाणीत गुलाम म्हणून पाठवले जाते. पहारेकऱ्याला उंदरांपासून वाचवताना जी काळजी शिकलो, अलगद उचलणे, न आपटता ठेवणे, तीच इथे एका बाईला आयुष्यभराच्या कैदेत पोचवण्यासाठी वापरली जाते आणि रकान्यात शून्य येते. बेशुद्ध माणसाचे पुढे काय होते याला आपण जबाबदार, हा नियम उंदीर आणि पाणी यांना लागू होतो आणि ब्रिझ्बीच्या बोटीला होत नाही, हे मला पटत नाही. लेडी बॉइलच्या मिशनपुरते गेमचे शून्य खोटे आहे. तिला बोटीत ठेवणाऱ्या खेळाडूने ते मोजमाप आपले म्हणून स्वीकारू नये.